अनवाणी पार्किंग

भोकरदनच्या गावंडे सरांनी एका पार्किंगपायी चपला सोडल्या, ही गोष्ट तालुक्यात कुणीही सांगेल. फक्त सांगणारा कुणाच्या बाजूचा आहे यावर ती थोडी बदलते. सरांच्या बाजूचे म्हणतात, सरांनी भर पंगतीत पण केला आणि मग चपला सोडल्या. सरांचा मेहुणा राधेश्याम, त्याच्या बाजूचे म्हणतात, चपला मांडवाबाहेरून आधीच चोरीला गेल्या होत्या, पणाचं नंतर सुचलं. सरांची बायको उषाबाई कुणाच्या बाजूची, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही कुणाला कळलेलं नाही. तिला विचारलं तर ती एवढंच म्हणते, "चपला नव्या होत्या."

गोष्ट घरातली आहे, म्हणून आपण सरांना भुजंगच म्हणू. मे महिन्यात भुजंगच्या सासुरवाडीला, केदारखेड्याला, एक लग्न होतं. वरात निघायच्या वेळी कळलं की नवरदेवाची सजवलेली गाडी आत अडकली आहे, कारण तिच्यापुढे जीप, जीपपुढे ट्रॅक्टर, आणि ट्रॅक्टरची चावी ज्याच्या खिशात तो पाहुणा दुसऱ्या लग्नाला निघून गेलेला. सगळं गाव त्या पाहुण्याला फोन लावत होतं. भुजंग पंगतीत जिलबी खात बसला होता, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "ह्याला एक साधी सिस्टिम पाहिजे. कोणती गाडी कुठं, जागा किती मोकळी, सगळं कॉम्प्युटरवर. काय अवघड हाये त्यात?"

समोरच्या पानावर राधेश्याम होता. उषाबाईचा हा धाकटा भाऊ जालन्यात कॅमेरे नि कॉम्प्युटर विकतो आणि पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं काम बघतो. तो म्हणाला, "दाजी, सिस्टिम येऊनच राह्यली. तुमच्या भोकरदनच्या रेणुकाई संकुलाचं पार्किंग आमची कंपनी करून राह्यली. पुण्याहून माणसं येतेत. ते आपल्या इकडच्या माणसाचं काम न्हाई."

"काहून न्हाई?"

"शाळेतला कॉम्प्युटर चालू करायला तुम्ही पोरांला हाक मारता म्हणे."

पंगत हसली. वाढपी हसला आणि हसता हसता भुजंगच्या भातावर वरणाऐवजी जिलबीचा पाक ओतून गेला. भुजंग शाळेत गणित शिकवायचा. संगणक कक्षाची किल्ली त्याच्याकडे होती म्हणून संगणकाचा विषयही त्याच्याकडे आला होता. पोरांना हाक मारायचा हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच ते लागलं. सासुरवाडीत माणसाला एकच भांडवल असतं, जावई म्हणून मिळणारा मान. तो एका वाक्यात भातासारखा कालवला गेला होता. भुजंग पाक लागलेल्या हातानं उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "त्या पार्किंगची सिस्टिम मीच करणार. अन् ती चालू होईस्तोवर पायात चप्पल घालणार न्हाई."

आपल्याकडे चप्पल सोडणं ही लहानसहान गोष्ट नाही. लोक साहेब मंत्री व्हावेत म्हणून चप्पल सोडतात, गावाला रस्ता व्हावा म्हणून सोडतात. साहेब मंत्री होतात, रस्ता होत नाही, आणि चप्पल सोडलेला माणूस त्याच खड्ड्यांतून हिंडत असतो. पण पार्किंगसाठी चप्पल सोडणारा भुजंग मराठवाड्यातला पहिलाच असावा. शिवाय पण करायला त्यानं महिना निवडला तो मे. मांडवातून एसटी थांब्यापर्यंत जाईतो त्याला तीनदा वाटलं की पण जरा वेगळा करायला हवा होता. मिशी, सुपारी, गोड खाणं, सोडण्यासारखं खूप काही होतं.

शेजारी निवृत्त मंडळ अधिकारी कल्याणराव राहायचे. ते दुसऱ्या दिवशी सकाळीच चहाला आले, आणि कागद नसताना निकाल द्यायची सवय अजून गेली नसल्यामुळे म्हणाले, "सर, मोजे घाला. मोजे म्हंजे चप्पल न्हाई. पणात मोज्याचा उल्लेख न्हाई."

"ती पळवाट झाली."

"पळवाटच हाये. पळायला पाय चांगले लागतेत का न्हाई?"

यावर गल्लीत दोन तट पडले. मोजे चालतात म्हणणारे आणि मोजे म्हणजे चपलेचाच धाकटा भाऊ म्हणणारे. धाकटा भाऊ हा शब्द ऐकून भुजंगनं मोजे कायमचे नाकारले. मग कुणी तळव्यांना मेंदी लावा म्हणालं, कुणी एरंडेल सुचवलं, कुणी सरळ डॉक्टरचा नंबर दिला. मेंदी लावली तेव्हा शाळेतल्या मुलींनी त्याचे पाय बघून एकमेकींना कोपरं मारली. मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं की पोरांना बुटांची सक्ती आहे आणि शिक्षक अनवाणी, हे बरं दिसत नाही. भुजंग म्हणाला, "सर, तुम्ही कारणे दाखवा नोटीस द्या. कारण दाखवतो." मुख्याध्यापकांनी कारण आधीच ऐकलं होतं. त्यांनी नोटीस दिली नाही.

पावसाळ्यात तर वेगळंच झालं. चिखलातून अनवाणी चालणारा माणूस बघून बाया वाट सोडून बाजूला होत, आणि पिंपळगाव रेणुकाईच्या एका म्हातारीनं त्याच्या पायांवर पाणी घातलं. "नवस कोन्या देवीचा, बापू?" तिनं विचारलं. भुजंगला खोटं बोलवेना. "पार्किंगचा, मावशी," तो म्हणाला. ही देवी नेमकी कुठं आली, याचा विचार करत म्हातारीनं त्याला नारळ दिला.

आता सिस्टिमकडे वळू. रेणुकाई व्यापारी संकुल नवंच बांधलेलं होतं. खाली दुकानं, वर मोठी मोकळी गच्ची, आणि गच्चीवर गाड्या चढवायला मागून सिमेंटचा उतार. बाजारच्या दिवशी खाली रस्त्यावर मुंगीला वाट मिळत नसे आणि वर गच्ची रिकामी असे, कारण वर जागा आहे का नाही हे वर गेल्याशिवाय कळत नव्हतं आणि एवढं चढून उतरायला कुणी तयार नव्हतं. संकुल समितीचे अध्यक्ष सर्जेराव खत-बियाण्यांचे दुकानदार. त्यांना पुण्याची कंपनीही दुखवायची नव्हती आणि दुकानात येणारे गावंडे सरही. त्यांनी दुकानदाराचा तोडगा काढला. "दोघंही लावा. दसऱ्यानंतरच्या बाजारला सगळ्यांसमोर बघू. ज्याचा बोर्ड खरं बोलंल त्याचं पार्किंग."

गच्चीवर आखलेल्या प्रत्येक जागेत कंपनीनं एकेक चपटं यंत्र चिकटवलं. डोक्यावर लोखंड आलं की यंत्राला कळायचं, गाडी आली. भुजंगकडे असली यंत्रं नव्हती. त्यानं एका बंद पडलेल्या मंगल कार्यालयाचे जुने कॅमेरे मागून आणले, पाण्याच्या टाकीवर चढून लावले, रिकाम्या गच्चीचे फोटो काढले आणि रोज शाळा सुटल्यावर बसून प्रोग्रॅम लिहिला. पोरांना हाक न मारता लिहिला, हे तो येईल त्याला सांगायचा. प्रोग्रॅमचं सगळं तत्त्व एका ओळीत होतं: जे सिमेंट नाही, ते वाहन. करडं दिसलं तर जागा मोकळी, करडं झाकलं गेलं तर भरली. ही ओळ त्याला इतकी आवडली की त्यानं ती नववीच्या फळ्यावर लिहिली आणि पोरांनी ती भूमितीचं प्रमेय समजून पाठ केली.

चाचणीत बारीकसारीक अडचणी आल्या. दुपारी टाकीची सावली पडली की कॉम्प्युटर तिला ट्रक म्हणायचा. एक कुत्रं पाचव्या जागेत झोपायचं, तेही वाहन झालं. कल्याणराव हौसेनं पेपर घेऊन एका जागेत बसून पाहू लागले. बोर्डावरची मोकळी जागा एकानं कमी झाल्यावर त्यांनी वरूनच ओरडून विचारलं, "मला दुचाकीत घेतलं का चारचाकीत?" सावलीचा बंदोबस्त झाला, कुत्र्याला दुसरी जागा दाखवली, कल्याणरावांना घरी पाठवलं.

खरी अडचण आडव्या दांडीची. उताराच्या तोंडाशी दांडी लावायची होती. जागा असली की वर जाणार, नसली की खाली येणार. तिच्या परवानगीला भुजंग एका कार्यालयात गेला. कोणत्या ते सांगत नाही, कारण तिथले भाऊसाहेब अजून तिथंच आहेत.

"रस्त्यात आडवी दांडी म्हंजे नाका झाला," भाऊसाहेब म्हणाले.

"नाका न्हाई, फाटक हाये."

"फाटक बाजूला उघडतं. तुमचं वर जाऊन राह्यलं. वर जातो तो नाका. नाक्याची मंजुरी मुंबईहून आणावी लागती."

भुजंगनं आपले मेंदी गेलेले, भेगा पडलेले पाय टेबलाबाहेर काढून दाखवले. भाऊसाहेबांनी ते पाहिले आणि त्यांना थोडी दया आली. "कमान म्हणून अर्ज करा," ते म्हणाले. "कमानीची मंजुरी इथंच देतो."

"पण कमान वरखाली होती का?"

"कमानीनं हलू न्हाई असं नियमात कुठं हाये? फक्त कमान म्हणलं की तिच्यावर स्वागत पाहिजे अन् आंब्याचं तोरण पाहिजे."

अशी ती दांडी कागदोपत्री स्वागत कमान झाली. जागा संपली की 'सहर्ष स्वागत' लिहिलेली, आंब्याच्या पानांची दांडी धाडकन गाडीच्या तोंडासमोर खाली यायची. आणि दांडी खाली येताच स्पीकरवरून उषाबाईचा आवाज यायचा. भुजंगनं तिला एक सभ्य वाक्य लिहून दिलं होतं, पण रेकॉर्ड करताना शेजारच्या गॅसवर दूध होतं. त्यामुळे जे रेकॉर्ड झालं ते असं होतं: "जागा न्हाई. न्हाई म्हणलं ना एकदा." ते बदलायचं राहून गेलं. चाचणीत दिसलं की हे वाक्य ऐकून एकही गाडीवाला वाद घालत नाही, मग बदललं नाही.

सगळं जुळून आलं होतं. दसरा झाला, सोनं वाटून झालं, बाजाराचा दिवस चार दिवसांवर आला. आणि सकाळी भुजंगनं बघितलं तर बोर्डावर अर्ध्या जागा भरलेल्या. रात्रीतून एवढ्या गाड्या कुठून आल्या म्हणून तो वर पळाला. वर एकही गाडी नव्हती. मका होता.

आता हा भुजंग पिंपळगाव रेणुकाईच्या शेतकऱ्याचा पोरगा. दसरा-दिवाळीच्या मध्ये आपल्याकडे मका निघतो, मळणीयंत्रातून ओला दाणा बाहेर पडतो, आणि तालुक्यात जिथं सपाट सिमेंट दिसेल तिथं तो वाळत पडतो, हे त्याला कळायला हवं होतं. रस्त्याची एक बाजू, समाजमंदिराचा ओटा, शाळेचं ध्वजारोहणाचं पटांगण, काही म्हणता काही सुटत नाही. त्यानं स्वतः लहानपणी पाटीभर मका पाटलाच्या गच्चीवर राखला होता. पण प्रोग्रॅम लिहिताना माणसाला कॅलेंडरातल्या तारखा दिसतात, हंगाम दिसत नाही.

पहिला मका आसराबाईचा होता. आसराबाई म्हणजे संकुलाचा वॉचमन धुळाजी याची बायको. भुजंगनं धुळाजीला खाली गाठलं. "धुळाजी, तुम्ही राखणदार. तुम्हीच वर मका टाकू दिला?"

"सर, राखण करायला मला चोराची ठेवलं," धुळाजी म्हणाला. "तिची राखण कोण करंल?"

आसराबाईला भुजंगनं समजावलं की हे पार्किंग आहे. ती म्हणाली, "पार्किंग हाये तर गाड्या कुठं हायेत?" एकीचं बघून दुसरी आली, दुसरीचं बघून तिसरी. व्यापारी दाणा दाताखाली धरून ओल जास्त आहे म्हणायचा, माल परत करायचा, आणि बाजारापासून दोन पावलांवर ही एवढी मोठी गरम गच्ची. संध्याकाळपर्यंत बरीचशी गच्ची पिवळीधमक झाली. भुजंग आसराबाईला उद्या नेमका मका उचलायला लावणार होता. त्याआधी उताराच्या तोंडाशी एक ट्रॉली थांबली आणि तीतून भुजंगच्या सासूबाई उतरल्या.

बेबीनंदाबाई म्हणजे राधेश्यामची आणि उषाबाईची आई. त्यांचाही मका व्यापाऱ्यानं परत केला होता. त्यांनी डोक्यावरचा पदर खोचला, उरलेल्या गच्चीकडे नजर टाकली आणि म्हणाल्या, "जावईबापू, उषी म्हणली ही गच्ची तुमच्याकडं हाये."

जगात कोणत्याही माणसाला नाही म्हणता येतं. सासूला, तिच्या मक्यासकट, नाही म्हणणारा जावई अजून जन्मायचा आहे. त्या रात्री बेबीनंदाबाई मुक्कामाला भुजंगकडेच होत्या, आणि दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या त्यांनी त्याला कामाला लावलं. "पाय अनायासे मोकळेच हायेत तुमचे. मका फिरवा जरा." वाळत घातलेला मका पाय ओढत, सऱ्या पाडत फिरवायचा असतो. भुजंग आपल्याच सिस्टिमच्या मधोमध, आपल्याच कॅमेऱ्यांखाली, भर उन्हात मका फिरवत फिरला आणि कॉम्प्युटरनं त्याला चालतं वाहन म्हणून मोजलं.

बाजारच्या आदल्या दिवशी सर्जेराव घरी आले. त्यांचा चेहरा पडलेला होता. "सर, पुण्याचे साहेब येणार, पत्रकार येणार. तुमचा बोर्ड म्हणतो जागा न्हाई अन् वर एक गाडी न्हाई. लोक हसतीन. तेवढं पिवळं वगळा ना. पिवळं दिसलं की मोकळं म्हणा. तुमच्या एका ओळीचं काम हाये."

एका ओळीचंच काम होतं. भुजंग कॉम्प्युटरसमोर बसला. ही ओळ घातली की बोर्ड हिरवा होणार होता, केलेला पण सुटणार होता, पायात चप्पल येणार होती. तळवे ठणकत होते. मे महिन्यापासूनचं प्रत्येक हसणं त्याला आठवत होतं, आणि आता सगळ्यांत मोठं हसणं उद्या होणार होतं, हे दिसत होतं. त्याला खरोखर भीती वाटली. मग त्याला संताप आला, आणि तो कुणाचा हे ठरवता येईना म्हणून तो सर्जेरावांवरच निघाला.

"वर गाडी लावायला जागा हाये का?" त्यानं विचारलं.

"न्हाई ना. मका हाये."

"मंग बोर्ड काय म्हणून राह्यला?"

"न्हाई म्हणून राह्यला."

"बराबर म्हणून राह्यला. मी त्याला खोटं बोलायला बिलकुल शिकवणार न्हाई. जल्मभर अनवाणी फिरीन."

आतून उषाबाई म्हणाली, "जल्मभर म्हणू नका. सहा महिने झाले तर पाय धुवायचा साबण डबल लागून राह्यला." पण तिनं सर्जेरावांना चहा दिला नाही, हे भुजंगच्या लक्षात आलं.

सर्जेरावांनी शेवटी आसराबाईच्या हातापाया पडून उताराच्या वरच्या टोकाची एक जागा मोकळी करून घेतली. साहेबांची गाडी तरी लागली पाहिजे.

बाजारचा दिवस उजाडला. ऑक्टोबरातलं ऊन असं होतं की दुपारी स्लॅबवर हात ठेववत नव्हता. उताराच्या तोंडाशी दोन बोर्ड शेजारी शेजारी लागले होते. कंपनीचा बोर्ड हिरवागार चमकत होता: सर्व जागा उपलब्ध. भुजंगच्या बोर्डावर लाल अक्षरांत होतं: जागा १. दोन्ही सिस्टिमचं भांडण होऊ नये म्हणून कमान त्या दिवशी हातानं चालवायची ठरली होती आणि दोरी धुळाजीच्या हातात होती; स्पीकर तेवढा भुजंगच्या बोर्डालाच जोडलेला होता.

पुण्याचे साहेब पांढऱ्या गाडीतून उतरले. तरुण होते, नम्र होते, बूट आरशासारखे होते. त्यांनी दोन्ही बोर्ड वाचले आणि हसू दाबत म्हणाले, "सर, वर किती गाड्या आहेत?"

"एकबी न्हाई," राधेश्यामनं मोठ्यानं सांगितलं, गर्दीकडे तोंड करून. "वर एक गाडी न्हाई अन् दाजींचा बोर्ड म्हणतो एकच जागा. म्हणलो होतो मी, पंगतीतच म्हणलो होतो."

गर्दी हसली. मुख्याध्यापक हसले. कल्याणरावांनी हसायला तोंड उघडलं आणि भुजंगकडे बघून जांभई दिली. भुजंगनं खाली बघितलं नाही. "वर चला," तो म्हणाला. "चालत चला. मंग हसा."

सगळे उतार चढून वर गेले. वर बेबीनंदाबाई काठी घेऊन पाखरं हाकत बसल्या होत्या. त्यांनी आधी बूट पाहिले, मग माणसं पाहिली.

"पायताण काढा," त्या म्हणाल्या. "खळं हाये."

"आई, हे खळं न्हाई, पार्किंग हाये," राधेश्याम म्हणाला.

"धान्य पडलं ते खळं. बूट घालून खळ्यात येतो का रे? बाप असता तर पाय मोडला असता तुझा."

मायलेकाच्या भांडणात साहेबांनी पडायचं कारण नव्हतं, पण समोर धान्य आहे आणि म्हातारी काठी उगारते आहे, हे त्यांना कळलं. त्यांनी बूट काढले. सर्जेरावांनी काढले, पत्रकारानं काढले, राधेश्यामनं नाइलाजानं काढले. मक्यावर ठेवता येईनात, म्हणून सगळ्यांनी ते एकमेव मोकळ्या जागेत ठेवले. बुटांचा चांगला ढीग झाला. कॅमेऱ्याला तिथलं सिमेंट दिसेनासं झालं आणि खालून स्पीकरवर उषाबाईचा आवाज आला, "जागा न्हाई. न्हाई म्हणलं ना एकदा."

इकडे खाली धुळाजी दोरी धरून दोन बोर्डांकडे बघत होता. एक म्हणत होता सगळं मोकळं, एक म्हणत होता काहीच नाही. साहेबांच्या ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. "कमान उचला, वर जागा आहे."

"दोघं दोन गोष्टी सांगून राह्यले. मी कोणाचं ऐकू?"

"आमच्या साहेबांचा बोर्ड कोणता?"

"हिरवा."

"मग हिरव्याचं ऐका."

धुळाजीनं दोरी ओढली. 'सहर्ष स्वागत' वर गेलं. पांढरी गाडी उतारावर चढली, आणि तिच्यामागं हिरवा बोर्ड बघून बाजाराची एक जीप, एक टेम्पो आणि कोंबड्यांचं खुराडं बांधलेली मोटारसायकल चढली. पांढरी गाडी वर आली तेव्हा समोर मका होता, एका बाजूला बुटांचा ढीग होता आणि मधोमध बेबीनंदाबाई काठी आडवी धरून उभ्या होत्या.

"मक्यावर चाक घालून तर बघ," त्या म्हणाल्या.

ड्रायव्हरनं गाडी मागं घ्यायला बघितली. मागं जीप, जीपमागं टेम्पो, टेम्पोमागं कोंबड्या, आणि त्यांच्यामागं खाली सगळा बाजार हॉर्न वाजवत उभा. पुढं जाता येईना, मागं येता येईना. साहेब मक्याच्या कडेनं गाडीकडे धावायला निघाले आणि त्यांच्या कोवळ्या तळव्यांना स्लॅब लागला. ते एका पायावर उभे राहिले, मग दुसऱ्या. "कोणी सांगितलं तुला वर यायला?" त्यांनी त्याच नाचात विचारलं.

"आपल्याच बोर्डानं, साहेब," ड्रायव्हर म्हणाला.

वर कुणी स्वस्थ उभंच नव्हतं. सर्जेराव टाचांवर, पत्रकार चवड्यांवर, राधेश्याम रुमाल पायाखाली टाकून त्याच्यावर उभा. आणि भुजंग गावंडे, मे महिन्याच्या डांबरावर आणि भादव्याच्या चिखलात मुरलेल्या पायांनी, त्या तापलेल्या गच्चीवर सावकाश चालत बुटांच्या ढिगापाशी गेला. त्यानं त्यातून राधेश्यामचे बूट उचलले, पण दिले नाहीत.

"वर जागा होती का?" त्यानं विचारलं.

"दाजी, पाय भाजून राह्यले."

"होती का?"

"न्हवती."

"माझा बोर्ड काय म्हणला?"

"न्हाई म्हणला."

"मंग?"

राधेश्यामनं आईकडे बघितलं. बेबीनंदाबाई पाखरं हाकत होत्या. "बराबर म्हणला, दाजी," तो म्हणाला. "तुमचा बोर्ड बराबर म्हणला. बूट द्या आता."

भुजंगनं बूट दिले. सगळ्यांसमोर वाकून, पायापाशी ठेवून दिले, कारण तो जावई होता आणि मोठा होता, आणि मोठेपणा करायची अशी संधी पुन्हा मिळेल याची खात्री नव्हती. साहेबांचेही बूट त्यानंच नेऊन दिले. साहेबांनी ते घालता घालता विचारलं, "सर, तुमचं यंत्र मका ओळखतं कसं?"

"ओळखत न्हाई," भुजंग म्हणाला. "गाडी बी ओळखत न्हाई. जागा ओळखतं."

उतार मोकळा व्हायला दुपार उलटली. कोंबड्या आधी उतरल्या, मग टेम्पो, मग जीप, आणि शेवटी पांढरी गाडी उलटी चालत, भोकरदनचा सगळा बाजार दोन्ही बाजूंना उभा राहून सूचना देत असताना. सर्जेरावांनी त्याच उतारावर उभं राहून जाहीर केलं की बोर्ड सरांचाच राहील. दिवाळी होईपर्यंत वर मका, दिवाळीनंतर गाड्या, आणि काय आहे ते बोर्ड सांगेलच.

गर्दी पांगल्यावर उषाबाई पिशवी घेऊन आली. पिशवीत चपला होत्या, तपकिरी, अंगठ्याच्या, खोक्यातून आजच काढलेल्या. पिशवीच्या तळाशी दुकानाची पावती होती, ती भुजंगनं वाचली. चपला मे महिन्यात घेतल्या होत्या, केदारखेड्याच्या लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी.

त्यानं पावती पुन्हा एकदा वाचली. "म्हंजे तुला तवापासून खात्री होती?"

"सेल होता," उषाबाई म्हणाली आणि पिशवीची घडी घालू लागली.

त्यानं चपला घातल्या. पाय इतके पसरले होते की त्या जेमतेम बसल्या, आणि बाजारपेठ ओलांडेपर्यंत दोन्ही अंगठ्यांना चावू लागल्या. कोपऱ्यावर येईतो टाचेला फोड आला. घर अजून लांब होतं, आणि गल्लीतली माणसं ओट्यांवर बसून बघत होती. मोजेवाले एका बाजूला होते, मोजे-नको-वाले दुसऱ्या, आणि मध्ये कल्याणराव हात जोडून उभे होते. भुजंग त्या सगळ्यांसमोरून चपलांचा आवाज करत गेला. घराचं दार लागेपर्यंत तो लंगडला नाही.